उत्तरेचा पाय

ट्रायपॉडच्या एका पायावर
लाल नेलपॉलिशनं काढलेला बाण आहे.
तो मी काढला नाही.
माउंट सेकंडहँड, बिल्थ वेल्सहून आणलेला.
ज्यांचा होता ते इद्रिस मार्चमध्ये गेले.
पेटी माझ्या डिकीत ठेवताना बाई एवढंच म्हणाल्या,
हा पाय उत्तरेला, नाहीतर ते चिडायचे.

तर हा पाय उत्तरेला.
रेयाडर, मागचं अंगण,
कपड्यांच्या दोरीपासून दोन पावलं,
जिथं ओल्या गवतात मी तीन फरश्या पुरल्यात.
पातळीचा बुडबुडा मधोमध यायला दहा मिनिटं.
ग्लेनिसनं न सांगता तिचा पोर्चचा दिवा मालवला.

सटाण्याला ध्रुव
शेजाऱ्यांच्या टाकीला टेकून असायचा,
वीस अंश, फार तर एकवीस.
इथं बावन्न.
मान मोडेपर्यंत वर बघायचं
आणि तो तिथं, बढती मिळालेल्या गाववाल्यासारखा,
ओळख देईल न देईल.
अढळ म्हणून शिकवला होता.
पोलर स्कोपमध्ये कळतं, तोही फिरतो
लहानशा वर्तुळावर, दिवसाला एक फेरी.
खरं टोक त्याच्या शेजारी आहे,
तिथं काही नाही.
त्या काहीनाहीवर मी स्क्रू आवळते.

मग तोल.
अण्णा कांदा तोलताना पारडं
गिऱ्हाइकाकडं जरासं झुकू द्यायचे.
इथं पूर्वेकडं जरासं जड ठेवायचं,
म्हणजे गिअरचे दात एकमेकांना धरून राहतात.
हे मॅन्युअलमध्ये वाचलं तेव्हा
मला अण्णांचा अंगठा दिसला.

दवाची पट्टी भिंगाभोवती.
कॅमेरा उणे दहावर.
इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, त्यावर खोकं,
खोक्यात डोकं घालून मी:
कुठला पोर्ट, कुठला ड्रायव्हर,
माउंट जोडलेलं नाही,
माउंट जोडलेलं आहे,
माउंट जोडलेलं नाही.
केबल उलटी होती.

गायडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये
जुनं प्रोफाइल तसंच होतं. नाव, इद्रिस दोन.
(एकचं काय झालं असेल?)
मी नवीन केलं. माझ्या नावाचं.
तारा पश्चिमेला सरकवला, परत आला.
उत्तरेला सरकवला,
आणि दक्षिणेला वळताना गिअर
गप्प बसून राहिला,
हाक ऐकूनही न उठणाऱ्या पोरासारखा.
चार वेळा. साडेदहा. पावणेअकरा.
शेवटी त्यांचं प्रोफाइल उघडलं.
तिथं तो सैलपणा मिलिसेकंदांत लिहिलेला होता,
किती थांबायचं, किती ढकलायचं,
किती रात्री जागून मोजलेलं असणार ते.
माझं खोडलं.

शर्मिष्ठेच्या टोकाला एक बुडबुडा आहे,
कुणा ताऱ्यानं फुंकलेला, सात-आठ हजार वर्षं जुना उजेड.
आज तो हवा.
पण बघायचं त्याच्याकडं नाही.
बघायचं चौकटीबाहेरच्या एका ठिपक्याकडं,
ज्याला नाव नाही, निदान मला ठाऊक नाही,
जो फोटोत येणार नाही.
दर दोन सेकंदांनी विचारायचं, हललास?
हललो म्हणाला तर आपण हलायचं.
निळी रेघ, लाल रेघ.
तीन मिनिटं. परत तीन मिनिटं.

एक वाजून वीसला लाल रेघ उसळली.
वारा नव्हता.
टॉर्च लाल करून शोधलं:
गायड कॅमेऱ्याची वायर
दोरीवर विसरलेल्या चिमट्यात अडकलेली.
सोडवली. चिमटा खिशात टाकला.
एल्न नदीकडून एक मेंढी खोकली,
अगदी माणसासारखी.

साठांपैकी एक्केचाळीस ठीक आलेत.
पहाटे दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा टीशर्ट ताणून
करड्या आभाळाचे फोटो घेते,
काचेवरची धूळ नंतर वजा करायला.
धूळ गोल गोल कड्यांत दिसते.
त्यातली काही बिल्थ वेल्सची असेल.
पुसायचं कापड घरात आहे.
राहू दे. आधी चहा.
बाईंना फोन करायला हवा, पण सहाच वाजलेत.